कॉरली हॅकेटची तिसरी मुलाखत

"एखादा कठीण प्रसंग सांगा, ज्यात तुम्ही स्वतः पुढाकार घेतलात," मी म्हणाले. आवाज जमेल तेवढा कॅनबेराचा, राजधानीतल्या साहेबांचा काढला होता.

कॉरलीने बराच विचार केला. बिस्किट चहात बुडवलं, खाल्लं, परत विचार केला.

"तसं विशेष काही नाही गं," ती म्हणाली.

मी हातातला कागद टेबलावर आपटला. "अगं, पुराच्या वेळी अख्खं गाव तू जेवू घातलंस!"

"सगळेच होते की तिथे."

"होते ना! बसले होते! ब्लँकेट पांघरून चहा पीत बसले होते! तू उभी होतीस!"

"आता तू ओरडायला लागलीस," ती म्हणाली, आणि उठून कप विसळायला गेली.

हे असं. तीन वर्षं मी या बाईला सरकारी मुलाखतीसाठी तयार करत होते. माझ्या केसांतला जेवढा पांढरा भाग आहे ना, त्यातला निम्मा तरी तिच्या नावावर लिहा. मला राग लवकर येतो हे आमच्या विराबी गावात सगळ्यांना माहीत आहे, ते मी नाकारत नाही. पण माझ्या जागी एखादा संत बसवला असता तरी त्याने कपाळ बडवून घेतलं असतं.

कॉरली आणि मी शाळेपासूनच्या मैत्रिणी. मी अ‍ॅथल टकवेलच्या दुकानात गल्ल्यावर बसते. आमच्याकडे पशुखाद्य, खिळे, तारा, कोंबड्यांचं औषध असं सगळं मिळतं. ती शाळेचं कँटीन चालवते. विसाव्या वर्षी लग्न, मग दोन पोरं, मग नवरा पश्चिमेकडच्या खाणींत कामाला गेला तो गेलाच. पोरं मोठी होऊन पांगली. आणि मग एके दिवशी ही मला सांगते, मी पदवीला बसलेय. घरबसल्या, पत्राने. खिम्याचे सॉसेज रोल भट्टीत सरकवायचे आणि ते भाजून होईपर्यंत ओट्यावर पुस्तक उघडून वाचायचं, असं करत तिने ती पदवी पुरी केली. पोरांसाठी पंचवीस लंचच्या पिशव्या भरता भरता तिने अर्थशास्त्र वाचलं. गावात कुणाला पत्ता नव्हता. मला पत्ता होता, कारण निबंधातल्या चुका मी काढायचे.

मग तिला ती जाहिरात दिसली. केंद्र सरकारची पदवीधरांसाठीची भरती. वर्षभर कॅनबेरात वेगवेगळ्या खात्यांत फिरवून काम शिकवतात, आणि मग कायमची नोकरी. वयाची अट नाही. अट फक्त एवढीच की पदवी जुनी झालेली नको.

"सगळी बावीस वर्षांची पोरं असतील गं," ती म्हणाली होती, पण डोळे चमकत होते. "मला वेड लागलंय का?"

"लागलंय. भर अर्ज," मी म्हणाले.

तिला काय हवं होतं हे मला तेव्हाच कळलं होतं. तिला ना मोठा पगार हवा होता, ना रुबाब. तिला पन्नाशीच्या आत एकदा तरी "कँटीनवाली" सोडून दुसरं काहीतरी व्हायचं होतं. ज्या टेबलावर आपलं नाव असेल, जिथे बसून डोकं चालवायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे, असं टेबल. मला ती गेली तर आवडणार नव्हतं, उगाच खोटं कशाला बोलू. शुक्रवारी संध्याकाळी मी कुणाच्या अंगणात बसून गावाला नावं ठेवणार होते? पण तरीही तिने जावं असंच मला मनापासून वाटत होतं.

पहिल्या वर्षी मुलाखत घ्यायला माणूसच नव्हता. पडद्यावर प्रश्न येतो, बाजूला घड्याळ उलटं पळायला लागतं आणि आपण कॅमेऱ्याकडे बघून बोलायचं. समोर ना मान हलवणारं कुणी, ना "बरं, मग?" म्हणणारं. बोला आपलं भिंतीशी. त्यात कॉरलीच्या घरी इंटरनेट म्हणजे आनंदच. म्हणून आम्ही माझा पिकअप घेऊन धान्याच्या सायलोमागच्या टेकाडावर गेलो, तिथे सिग्नल बरा येतो. ती आत बसली, लॅपटॉप स्टीअरिंगला टेकवला, आणि मी बाहेर उन्हात उभी राहून काचेवर टॉवेल धरला, तिच्या तोंडावर झळ येऊ नये म्हणून. प्रश्न आला. घड्याळ पळायला लागलं. आणि ही बाई त्या कॅमेऱ्याकडे बघून हसत बसली. गप्प. पाहुणे बोलतील मग आपण बोलू, असं.

"बोल!" मी काचेवर थाप मारली.

तर काय म्हणावं तिने? "माझी मैत्रीण बाहेर उन्हात उभी आहे, तिला जरा आत घेऊ का?" हे सगळं रेकॉर्ड झालं आणि कॅनबेराला गेलं. पहिलं वर्ष खलास.

दुसऱ्या वर्षी ती भिंतीशी बोलायला शिकली. आकृत्यांची परीक्षा, आकड्यांची परीक्षा, सगळ्यांत वर आली. शेवटच्या फेरीला कॅनबेरात बोलावलं. एका हॉटेलच्या खोलीत सहा जण गोल टेबलाला बसवले, एक कागद दिला. एका गावात पाणी कमी आहे, पैसे कमी आहेत, काय कराल ते ठरवा. आणि कोपऱ्यात तिघं जण वह्या घेऊन बसले, कोण कसं वागतंय ते टिपायला.

परत आल्यावर मी विचारलं, "मग? काय केलंस?"

"छान होती गं पोरं. पण सगळी एकदमच बोलत होती. एक बिचारा मुलगा कडेला बसला होता, त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि कुणी सांगूच देईना. मग मी म्हटलं, अरे, याचं ऐकू या जरा. चांगलं बोलला तो. मग मी सगळ्यांचं म्हणणं लिहून घेतलं आणि दोघांचं भांडण होत होतं ते मिटवलं."

"आणि तू काय सुचवलंस?"

"मी? सगळं ठरलंच होतं की तोवर."

उत्तर आलं तेव्हा त्यात लिहिलं होतं, उमेदवार सहकार्यशील आहेत, परंतु नेतृत्वगुण पुरेसे दिसून आले नाहीत. तो कडेला बसलेला मुलगा निवडला गेला. त्याने हिला आभाराचा मेल पाठवला! आणि हिला त्याचं कौतुक! मला मेल वाचून दाखवला, दोनदा. मी दुकानाच्या मागे जाऊन रिकाम्या पिंपाला लाथ घातली, पायाचं बोट सुजलं ते वेगळं.

तर हे तिसरं वर्ष. आणि शेवटचं. पुढच्या वर्षी तिची पदवी जुनी होणार होती आणि दार बंद होणार होतं, कायमचं. हे तिलाही माहीत होतं, पण ते आम्ही दोघी बोलत नव्हतो.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. कॉरलीला बोलता येत नाही असं नाही. विराबीत स्वतःची फुशारकी मारणं म्हणजे सगळ्यांसमोर नाक शिंकरून हाताला पुसण्यासारखं आहे. आम्हाला लहानपणापासून तसंच वाढवलंय. कुणी शर्यतीत पहिलं आलं तर घरी विचारायचे, "बाकीचे आजारी होते का?" मी म्हणजे कोण, असं जरा जरी दाखवलंत तरी क्लबात तुमच्या खुर्चीशेजारी महिनाभर कुणी बसणार नाही. आणि कॅनबेराला नेमकं तेच हवं. प्रसंग सांगा, तुमची जबाबदारी सांगा, तुम्ही काय केलंत ते सांगा, परिणाम काय झाला ते सांगा. तुम्ही, तुम्ही, तुम्ही. अख्खा देश एकाच सरकारचा, पण इकडचं बाळकडू तिकडे विष.

त्या संध्याकाळी कप विसळून ती परत आली तेव्हा मी जवळजवळ हात टेकले होते. आणि मग मला सुचलं.

"बरं. तुझं राहू दे," मी म्हणाले. "समज, पुराच्या वेळी ते सगळं मी केलं. ग्लेनिस पिमने. आता तू सांग, ग्लेनिसने काय केलं?"

ती एकदम सरळ बसली. "ग्लेनिसने? अगं, ग्लेनिस नसती तर मेलेच असते सगळे!"

आणि काय बोलली म्हणून सांगू! नदी चढायला लागली तेव्हा नगरपालिकेचा माणूस लोकांनी भरलेली बस खालच्या रस्त्याने न्यायला निघाला होता. ग्लेनिस बससमोर उभी राहिली, म्हणाली, तो रस्ता नाल्यापाशी आधी बुडतो, वरून जा, आणि तो ओरडत होता तरी हलली नाही. ग्लेनिसने गुरांच्या प्रदर्शनाच्या मैदानावरच्या शेडमध्ये चुली लावल्या. एकटी राहणारी म्हातारी माणसं कोण कोण हे तिला पाठ होतं, कारण त्यांची नातवंडं कँटीनला येतात. तिने ट्रॅक्टरवाल्या पोरांना वाटून दिलं, तू इकडे जा, तू तिकडे. कुणाला इन्सुलिन लागतं, कुणाला कुत्र्याशिवाय झोप येत नाही, सगळं. ती न थांबता बोलत होती आणि तिचे गाल लाल झाले होते.

मी म्हणाले, "छान. आता ग्लेनिस काढ आणि तुला घाल."

तिचं तोंड परत मिटलं. "फसवलंस मला," ती म्हणाली.

पण रस्ता सापडला होता. महिनाभर आम्ही तेच केलं. आधी माझं नाव घेऊन सांगायचं, मग हळूच माझं नाव गाळायचं. मी ज्या ज्या गोष्टी उभ्या जन्मात केल्या नाहीत त्या सगळ्या माझ्या नावावर जमा झाल्या. शाळेत फ्रीजर बंद पडला तेव्हा मी, दोन शिक्षिका एकमेकींशी बोलत नव्हत्या तेव्हा मी. ऐकून ऐकून मला माझाच अभिमान वाटायला लागला. तिला मात्र स्वतःचं नाव घालताना दर वेळी घाम फुटायचा. एकदा तर ती रडायलाच आली. "मला लाज वाटते गं. आई असती तर म्हणाली असती, ही कोण टिकोजीराव लागून गेली."

"आईला कॅनबेरात नोकरी नको होती," मी म्हणाले. "तुला हवी आहे ना? हवी आहे की नाही ते सांग."

तिने मान हलवली, हो म्हणून. मग मी पुढचा प्रश्न विचारला.

या वेळची मुलाखत समोरासमोर होती, म्हणजे पडद्यावर, पण पलीकडे तीन जिवंत माणसं. आम्ही गावच्या वाचनालयातली मागची खोली घेतली. ती चर्चला घालायचा निळा कोट घालून आत गेली आणि मी बाहेर बागकामाच्या मासिकांपाशी बसले. दाराला कान लावायला गेले तर वाचनालयाची बाई खाकरली. बसले परत. नखं खाल्ली.

ती बाहेर आली तेव्हा बीटासारखी लाल झालेली.

"सांगितलं," ती म्हणाली.

"ते बसचं?"

"बसचंसुद्धा. मी समोर उभी राहिले, असं म्हणाले. मी." आणि तोंडावर हात ठेवला. "ग्लेन, त्यांच्यातली एक बाई लिहायची थांबली आणि नुसतं ऐकत बसली."

मी तिला वाचनालयातच मिठी मारली आणि केवढ्याने तरी ओरडले. बाई परत खाकरली. खाकरू दे म्हटलं.

आता राहिलं एकच. सध्याच्या वरिष्ठाला फोन करून चौकशी करतात. कॉरलीचा वरिष्ठ म्हणजे शाळेच्या पालक समितीचा अध्यक्ष, आणि तो म्हणजे माझाच मालक, अ‍ॅथल टकवेल. नातवंडं शाळेत आहेत म्हणून अध्यक्ष झाला आणि कुणी उतरवेना म्हणून राहिला. सत्तरी ओलांडलेली, उंच, हडकुळा, डोक्यावरची टोपी झोपतानाच काढत असेल. आमच्याकडे मालकालाही सगळे अरेतुरेच करतात, त्यामुळे मी त्याला आधीच बजावून ठेवलं होतं.

"अ‍ॅथल, कॅनबेराहून फोन येईल. कॉरलीबद्दल चांगलं बोल."

"जे आहे ते बोलेन," तो म्हणाला.

"जे आहे ते चांगलंच आहे ना?"

"मग काळजी कसली करतेस?"

मी काळजी करायला हवी होती.

फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अ‍ॅथलला कमी ऐकू येतं, म्हणून दुकानाचा फोन इतका मोठ्याने ठेवलेला की पलीकडचं माणूस माझ्याच कानात बोलतंय असं वाटतं. पोरगी तरुण होती, आवाज गोड.

"टकवेल साहेब, कॉरली हॅकेट यांच्या कामाबद्दल तुमचं मत काय आहे?"

अ‍ॅथलने टोपी मागे सरकवली. "बरी आहे," तो म्हणाला.

मी गल्ल्यामागून हात हलवायला लागले. आणखी बोल, आणखी!

"बरी म्हणजे... थोडं सविस्तर सांगाल का?"

"बरी म्हणजे बरी. येते. काम करते. जाते."

"दबावाखाली त्या कशा वागतात?"

"आरडाओरडा करत नाही." त्याने माझ्याकडे बघितलं. "काही बायकांसारखा."

"त्यांनी एखादी अडचण सोडवली, असा एखादा प्रसंग आठवतो का?"

अ‍ॅथलने खरंच विचार केला. डोळे बारीक केले, छताकडे बघितलं. मी हातांनी पाणी दाखवत होते, पूर, पूर, लाटा! कणीक तिंबतेय असं वाटलं असणार त्याला. "नाही बुवा," तो म्हणाला. "ती आल्यापासून अडचण अशी आलीच नाही कधी. मग प्रसंग कुठला सांगू?"

पलीकडे टाइप केल्याचा टकटक आवाज. मला ब्रह्मांड आठवलं.

"त्यांनी कुठे सुधारणा करायला हवी, असं वाटतं?"

"सोमवारी सॉसेज रोल जरा कडक असतात."

"बरं. शेवटचा प्रश्न. संधी मिळाली तर त्यांना पुन्हा कामावर घ्याल?"

"घेणारच की. दुसरं आहे कोण?"

आभार मानून पोरीने फोन ठेवला. अ‍ॅथलनेही ठेवला, आणि रुमाल काढून मान पुसली. आणि मग, देवाशपथ सांगते, तो जरा ओशाळून हसला. "फारच बोललो का गं मी? तिच्या कानावर नको घालूस. उगाच डोक्यात जायचं तिच्या."

मला जे काय तोंडात आलं ते मी बोलले. सगळं इथे सांगण्यासारखं नाही. "वाटोळं केलंस तू तिचं, थेरड्या!" एवढं नक्की म्हणाले. तो नुसता बघत राहिला. त्याला खरोखर कळलं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. दुष्टपणाने केलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. मी अ‍ॅप्रन काढून फेकला आणि तडक शाळेत गेले.

कॉरली कँटीनची फरशी पुसत होती. मी धापा टाकतच सगळं सांगितलं. "पण अजून वेळ गेलेली नाही. त्यांच्या पत्रात आहे, हवं तर आणखी एकाचं नाव शुक्रवारपर्यंत देता येतं. तुझ्या विद्यापीठातल्या त्या मास्तरीणबाईंचं दे. त्यांना बोलता येतं. आत्ता मेल कर, माझ्यासमोर."

ती फरशीच्या ओल्या भागावर तशीच उभी होती. "काय म्हणाला म्हणालीस?"

"दुसरं आहे कोण, असं म्हणाला! सॉसेज रोल कडक असतात म्हणाला!"

"नाही, त्याच्या आधी. अगदी पहिल्यांदा."

"बरी आहे म्हणाला. बरी! अकरा वर्षं राबलीस आणि बरी!"

"अ‍ॅथल म्हणाला? स्वतःहून?" तिने फरशीचं फडकं बादलीत ठेवलं. "ग्लेन, त्याच्या जोनच्या दफनाला आपण होतो ना. पाद्री म्हणाला, अ‍ॅथल, दोन शब्द बोल. तो उभा राहिला. काय बोलला होता आठवतं?"

मला आठवत होतं. चाळीस वर्षांचा संसार. तो शवपेटीपाशी उभा राहिला, टोपी हातात. मग म्हणाला, "बरी होती माझी जोन." आणि खाली बसला. चर्चमध्ये एकही डोळा कोरडा राहिला नव्हता.

"ते आपल्याला कळतं," मी म्हणाले. माझा आवाज खाली आला होता. "कॅनबेरातल्या त्या पोरीला कसं कळणार? कॉरली, मेल कर."

"आणि काय लिहू? अ‍ॅथल टकवेलचा शब्द पुरेसा नाही, दुसऱ्याला विचारा?"

"तसं कशाला लिहायचं! नुसतं नाव द्यायचं."

"अर्थ तोच ना. आणि कळल्याशिवाय राहील का त्याला? तूच सांगशील रागाच्या भरात." ते खरं होतं. "त्याने त्याच्याकडचं होतं नव्हतं ते दिलं, ग्लेन. मी ते परत नाही करणार."

"तुझी नोकरी जाईल!"

"मुलाखत चांगली झालीय," ती म्हणाली. "बघू या."

मी हात जोडले, शिव्या दिल्या, मास्तरीणबाईंना स्वतः मेल करते म्हणाले. ती हलली नाही. बससमोर उभी राहिली होती ना, तशी. शुक्रवार आला आणि गेला.

उत्तर आलं ते सुट्ट्या लागायच्या आधी. ते मी वाचलं तेव्हा पहिल्या वाक्याला मला वाटलं, झालं काम! तुम्ही योग्य उमेदवार ठरला आहात. मग पुढचं. तुमचं नाव प्रतीक्षा यादीत ठेवलं आहे. गुणानुक्रमे तुमच्या आधीचे उमेदवार नियुक्त झाल्यानंतर, जागा शिल्लक राहिल्यास आपणास कळवण्यात येईल. योग्य म्हणे! योग्य आहे तर घ्या ना! नालायक म्हटलं असतं तर माणूस रडून मोकळा होतो. हे म्हणजे दारात उभं करून ठेवायचं, आतल्या जेवणाचा वास घेत.

वर्षभर ती फोन अ‍ॅप्रनच्या खिशात घालून वावरली. पावाला लोणी लावतानाही खिशाकडे हात जायचा. विम्यावाल्यांचे आले, मुलीचा आला, कॅनबेराचा आला नाही. मग एक मेल आला, यादीची मुदत संपली आहे, आपल्या सहभागाबद्दल आभार. आता पदवीही जुनी झाली होती. संपलं.

त्यानंतर एका दुपारी मी कँटीनमध्ये तिला सुट्टीनंतरची आवराआवर करू लागत होते, तर खिडकीशी अ‍ॅथल येऊन उभा राहिला. टोपी हातात. अ‍ॅथल टोपी काढून आला म्हटल्यावर मला वाटलं, कोण गेलं आता.

"कॉरली," तो म्हणाला. "ते कॅनबेराचं. झालं नाही म्हणे."

"नाही झालं, अ‍ॅथल."

"क्लबातला डग म्हणत होता, तिकडे माणसाबद्दल जास्त बोलावं लागतं. भरभरून. नाहीतर त्यांना वाटतं, माणसात दम नाही." तो टोपीची कड फिरवत राहिला. "मी कमी बोललो का?"

मी तोंड उघडलं. या क्षणासाठी मी वर्षभर थांबले होते, शब्दन् शब्द तयार होता. कॉरलीने ओट्याखाली माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली.

"छे रे," ती म्हणाली. "तू बरोबरच बोललास. त्यांच्याकडे जागाच कमी होत्या. मला कळवलं ना त्यांनी तसं."

"नक्की?"

"नक्की."

त्याचे खांदे सैल झाले. त्याने टोपी डोक्यावर ठेवली, मान हलवली आणि पटांगण ओलांडून गेला. तो फाटकाबाहेर पडेपर्यंत तिने माझं मनगट सोडलं नाही.

"खोटारडी," मी म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाने. "त्याला कळायला नको होतं का? कुणाला तरी कळायला नको का?"

ती ओटा पुसायला लागली. स्वच्छच होता, तरी पुसत राहिली. मग हात थांबला.

"मला ती नोकरी हवी होती, ग्लेन," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता, पण अगदी स्पष्ट. "फार हवी होती. आणि मी ती चांगली केली असती. त्या सगळ्या पोरांपेक्षा चांगली केली असती."

"हो," मी म्हणाले.